एकटीला झेपेल एवढंच

बाईंनी बॅग छातीपर्यंत आणली आणि तिथंच त्यांचे हात लटपटायला लागले. कपाटाचा माथा अजून वीतभर वर होता. पलंगावर बसलेला नवरा मदतीला उठला, तशा त्या ओरडल्या, "बसा खाली! येताना उठणार आहात का?"

तो निमूट बसला. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायची ही तालीम होती. जाताना प्रश्नच नव्हता. नवरा सुतार, अख्खी फळी एका खांद्यावर नेणारा गडी. पण परतताना त्याच्या अंगात एक मूत्रपिंड कमी असणार होतं, आणि काही महिने भरली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून दोघांत मिळून एकच बॅग, तीही बाईंना एकटीला झेपेल एवढीच.

मूत्रपिंड द्यायचं होतं ते धाकट्या दिराला. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा हा दीर परदेशात आपल्या नोकरीत होता. शाळेतले चित्रकलेचे तास सांभाळून बाईंनी सासऱ्यांचं हगणंमुतणं काढलं. ते गेले तेव्हा दीर आला तर नाहीच, वर फोनवर म्हणाला, "तुम्ही नीट बघितलं असतं तर बाबा आणखी जगले असते." त्या दिवसापासून बाई त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आणि आता नवरा त्यांना न विचारता तपासण्या करून आला होता. "जुळतंय," एवढंच म्हणाला होता, दाराच्या चौकटीचं माप सांगावं तसं.

त्यांनी बॅग उघडली. तळाशी, त्याच्या शर्टात गुंडाळलेला एक लाकडी घोडा निघाला.

"हे काय?"

"पुतणीला. काकानं काहीतरी न्यायला नको?"

"काका अख्खं मूत्रपिंड नेतोय, तेवढं पुरे नाही का?"

तो हसला. बाईही हसणार होत्या, पण त्यांनी तोंड फिरवलं. घोडा टेबलावर ठेवला. नवरा थोडा वेळ घुटमळला, मग कारखान्याच्या किल्ल्या भागीदाराला देऊन येतो म्हणून बाहेर पडला.

त्याचा फोन पलंगावरच राहिला होता. तो वाजला. दिराचं नाव बघून बाईंनी तो दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला.

"दादा?"

"मी बोलतेय."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, चार जिने चढून आल्यासारखा.

"वहिनी, तुम्ही त्याला नको म्हणा. तो तुमचं ऐकेल. माझ्या तोंडून नाही निघत."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "वा भाऊजी! बाबांचं सगळं माझ्यावर टाकलंत, आता हेही माझ्याच माथी? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनीनं अडवलं म्हणायला मोकळे! नको असेल तर तुम्ही सांगा. स्वतः."



"मला जगायचंय, वहिनी," तो म्हणाला.

बाई खाली बसल्या. इतकं सरळ बोललेलं त्यांनी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"बाबांच्या वेळी मी जे—"

"ते फोनवर नको. समोर बसून बोला." त्यांनी डोळे पुसले. "विमानतळावर कोणी येणार आहे का?"

"ही येईल, गाडी घेऊन."

"परततानाही या म्हणावं. मला ओझं उचलवत नाही."

नवरा आला तेव्हा त्या जमिनीवरच होत्या, मांडीवर त्याचा स्वेटर.

"भाऊजींचा फोन होता."

"तू बोललीस?" तो दारातच थांबला. "काय म्हणाला?"

"जगायचंय म्हणाले." त्यांनी वर पाहिलं. "मी त्यांना माफबिफ काही केलेलं नाही. आणि तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"हो. चुकलंच. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही."

"म्हटलंही असतं. मला भीती वाटते हो."

तो त्यांच्या शेजारी येऊन टेकला. त्याचा रुंद पंजा नकळत स्वतःच्या कुशीवर गेला. "मलाही," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

 मग बाईंनी आपले जास्तीचे बूट आणि जाडजूड शाल बाहेर काढली, टेबलावरचा घोडा परत तळाशी ठेवला, बॅगेची चेन ओढली आणि कपाटासमोर उभ्या राहिल्या. या वेळी बॅग वर गेली, पण जेमतेम. दम लागला आणि खांदा दुखावला. नवरा हातावर हात ठेवून बघत राहिला. ते त्याला बॅग उचलण्याहून जड गेलं.