आधीच्या माणसाची साखर

'तुमची साखर ९८. काळजी नसावी,' असा मेसेज आला आणि बाबांनी चहात दोन चमचे साखर पुन्हा सुरू केली. मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम त्यांच्या लेकीनेच गेल्या महिन्यात लिहिला होता, त्यामुळे तिचीही कॉलर ताठ. रक्ततपासणी केंद्राच्या कॉम्प्युटर खोलीत ती एकटीच बसते. सगळे तिला ताई म्हणतात, साहेबसुद्धा.

पंधरा दिवस झाले तरी बाबांच्या टाचेला झालेली जखम ओलीच. साखर ठीक, मग जखम का भरत नाही? ताईने केंद्रातल्या नोंदी उघडल्या. तपासणीसाठी नाव दिलेल्यांच्या यादीत बाबा होते, पण त्यांचा रिपोर्ट कुठेच नव्हता. यादीत त्यांच्या वर एक शिक्षिका होती. तिची साखर ९८.

ताईने आपला प्रोग्रॅम उघडला. प्रोग्रॅम एकेकाचा रिपोर्ट शोधायचा, सापडलेला आकडा व्हेरिएबल नावाच्या डब्यात ठेवायचा आणि डब्यात असेल ते कळवायचा. रिपोर्ट सापडला नाही तर डबा आपोआप रिकामा होतो, असं ती छातीठोकपणे धरून चालली होती. तो होत नाही. आधीच्या माणसाचा आकडा तसाच बसून राहतो.

प्रत्येक माणसाआधी डबा रिकामा करायची एक ओळ तिने घातली आणि साहेबांना सांगायला गेली.

"किती जणांना चुकीचं गेलं?"

"अकरा."

"अकराच ना?"

"त्यातले एक माझे बाबा आहेत."

साहेबांनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला.

दहा जणांना तिने स्वतः फोन करून माफी मागितली. अकराव्यासाठी घरी गेली. बाबा चहा पीत होते.

"बाबा, तुमचं रक्त तपासलंच गेलं नाही. चूक माझी आहे."

"माहितीये. मी दिलंच नव्हतं. सुई बघितली आणि दारातूनच परत फिरलो."

"मग मेसेज आला तेव्हा बोललात का नाही?"

"म्हटलं, तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार."

तिला त्यांचा संताप आला, आणि रडूही. तिने कप काढून घेतला आणि चपला पुढे ठेवल्या. केंद्रात सुई टोचेपर्यंत बाबांनी तिचा हात सोडला नाही.

संध्याकाळी मेसेज आला. 'तुमची साखर ३४०. डॉक्टरांना आजच भेटा.'

बाबांनी तो दोनदा वाचला. "हा कुणाचा?"

"तुमचाच," ताई म्हणाली.