पुसलेला नंबर

कंपनीकडून आलेल्या सिद्धेशने चालू व्हेंटिलेटर जरासा तिरका केला, मोबाइलचा टॉर्च बाजूच्या स्टिकरवर धरला आणि अंगठ्याने तो पुन्हा पुन्हा चोळला.

"ताई, नंबर कुठे गेला याचा?"

सोनलने वाकून पाहिलं. स्टिकरवर पिवळट डाग तेवढा उरला होता. ती ओशाळली. दर दसऱ्याला ती नेमकी त्याच जागी हळदकुंकू लावायची आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने लख्ख पुसून काढायची. लेकीला श्वास देणाऱ्या यंत्राची पूजा नाही करायची, तर काय मिक्सरची करायची?

"पूजा केलेली," ती म्हणाली. "चार वर्षं."

सिद्धेशला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. बदली मशीनचं खोकं अजून दारातच होतं. कंपनीने हे जुनं मॉडेल परत मागवलं होतं. आतला फोम झिजून त्याची भुकटी हवेबरोबर मुलांच्या छातीत जात होती. हे कळल्यापासून पाच महिने सोनलच्या जिवाला घोर लागला होता. मशीन बंद ठेवावं तर अक्षदाला धाप लागायची, चालू ठेवावं तर तिच्या प्रत्येक श्वासाची भीती वाटायची.

"नंबर टाकल्याशिवाय ॲप पुढेच जात नाय. बिल, कार्ड, कायतरी असेल ना?"

"एका संस्थेने दिलेलं. कागद पुरात गेले. संस्थाही बंद झाली."

"मग मला हे नवं मशीन परत न्यायला लागेल. डोंबिवलीत अजून दोन मुलं थांबलीयेत, ताई."

"अरे, असं कसं नेशील? मशीन समोर दिसतंय ना तुला!"

तो खोकं उचलायला वाकला, तशी ती दारात आडवी उभी राहिली. स्वतःच्या हातांचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

"व्ही सात," पलंगावरून आवाज आला.

नऊ वर्षांची अक्षदा मास्कमधून बोलत होती. मशीन हवा सोडायचं तेव्हा ती थांबायची.

"चार शून्य नऊ... दोन दोन आठ... एक सहा."

सिद्धेशने आकडे टाकले. ॲप जरा वेळ फिरत राहिलं, मग हिरवं झालं. संस्थेचं नावही आलं.

"बरोबर आहे," तो पुटपुटला.

मशीन बदलताना मधली दोन मिनिटं सोनलने हाताने हवेची रबरी पिशवी दाबून लेकीला श्वास दिला. नवं मशीन लागलं, जुनं खोक्यात गेलं, तेव्हा कुठे तिने हातातली पिशवी खाली ठेवली. ती पलंगाच्या कडेला टेकली.

"पाठ कधी केलास गं?"

"केला नाय," अक्षदा म्हणाली. "समोरच असायचा ना."

सोनलने तिच्या उशीशी डोकं नेऊन पाहिलं, तर तिथून मशीन तेवढं दिसत होतं, खिडकी नाही. सिद्धेश बॅग खांद्याला लावून निघाला होता, त्याला तिने थांबवलं.

"जरा पलंगाला हात लाव रे. खिडकीशी घेऊ."

"तिथे प्लग नाय, ताई."

"लांब वायर मी आणते शेजारून," ती उठत म्हणाली. "तू धर."