रिकाम्या गाडीचा गारवा

यादम्माने गाडीच्या काळ्या काचेवर थाडथाड थापा मारल्या.

"बंद कर रे! इकडे माणूस मरतोय!"

दवाखान्याच्या भिंतीला लागून गाडी घरघरत होती आणि तिचा धूर थेट कोमरय्याच्या खाटेवर येत होता. इस्त्रीच्या हातगाडीमागे यादम्माचा नवरा उशीला टेकून खोकत होता. मे महिन्यातले हैदराबाद. खाट हलवायला दुसरी सावली नव्हती.

पलीकडच्या कडुनिंबाखालून ड्रायव्हर सैदुलू धावत आला, घामाने निथळत.

"अक्का, काच फुटेल!"

"आत कुणी नाही? मग गारवा कुणाला, भुताला?"

"डॉक्टरम्माला गाडीत बसताना सीट गार हवी असते. मला आत बसायची बंदी. घामाचा वास राहतो म्हणे. तासाला लिटरभर पेट्रोल जळतं, रिकाम्या सीटपायी."

"आणि तू बघत बसतोस! बंद कर आधी."

त्याने गाडी बंद करून दारे लावली. कोमरय्याचा खोकला हळूहळू ओसरला. यादम्मा इस्त्रीकडे वळली, तोच गाडी पुन्हा घरघरू लागली. किल्ली तर सैदुलूच्या हातात होती.

"चौथ्या मजल्यावरून," तो मान वर करून म्हणाला, "फोनवरून चालू करतात. निघायच्या आधी."

यादम्माच्या अंगाची लाही झाली. पण डॉक्टरम्मा कोमरय्याला फुकट तपासायची, औषधेही तीच द्यायची. भांडायचे कुणाच्या जिवावर?

डॉक्टरम्मा अर्ध्या तासाने खाली आली. कोमरय्याला धापा टाकताना पाहून तिला खरेच वाईट वाटले.

"यादम्मा, किती वेळा सांगू? तुझ्या कोळशाच्या धुराने जाईल हा!"

संक्रांतीपासून इस्त्री गॅसवर होती. टाकी डॉक्टरम्माच्या पायाशीच होती.

यादम्माने राग गिळला.

"माझं मेलीचं कोण ऐकतं, अम्मा? तुम्हीच लिहून द्या. तेलुगूत, मोठ्या अक्षरांत. खाली सही."

डॉक्टरम्माने कौतुकाने लिहून दिले: 'रोग्याजवळ कसलाही धूर नको. जिवाला धोका आहे.'

दुसऱ्या दिवशी गाडी भिंतीला लागून उभी राहिली, डॉक्टरम्मा वर गेली. यादम्माने कपड्यांची खळ बोटांवर घेतली आणि तो कागद गाडीच्या मागच्या काचेवर मधोमध चिकटवला.

"अक्का, माझी नोकरी जाईल!"

"मी लावलाय म्हणून सांग."

सैदुलूने कागद वाचला. खालची सही वाचली. मग फडके काढून तो काच पुसू लागला, कागदाच्या कडेकडेने.