खण्ण आणि बद्द

तिला भिंतीनं मारलं नाही, साहेब. तुम्ही मारलंत. अहवालात तुम्ही ‘विटा निवडणाऱ्याची चूक’ असं लिहून मोकळे झालात, म्हणून आता त्या निवडणाऱ्याबद्दल ऐका.

पाडलेल्या इमारतींच्या विटा निवडण्यात त्याचा जन्म गेला. सगळे त्याला कानसेन म्हणत. बायको बोथट कोयत्यानं विटेवरचा जुना चुना खरवडून द्यायची, तो दोन विटा एकमेकींवर आपटायचा. खण्ण वाजली तर भिंतीला, बद्द वाजली तर भरावाला.

“लोक डोळ्यांत तेल घालतात, मी कानांत घालतो,” तो म्हणायचा.

“मग मी हाक मारते तेव्हा कुठं जातात ते कान?” बायको फणकारायची. “विटेनं नुसतं हूं केलं की लगेच वळता!”

नव्या दवाखान्याच्या कामावर तुम्ही तुकडे भरडायचं यंत्र आणलंत आणि त्याच्यापासून दहा पावलांवर उभं केलंत. दिवसभर खडखडाट. शेजारी बसलेल्या बायकोचे नुसते ओठ हलताना दिसायचे.

तो तुमच्यापुढं हात जोडून उभा राहिला. “साहेब, सकाळचे दोन तास तेवढं बंद ठेवा. वीट काय बोलते ते ऐकू येत नाही.”

तुम्ही हसलात. “विटा बोलतात? मग त्यांनाच विचार, उद्घाटनापर्यंत काम उरकेल का! ‘जुन्या साहित्यातून उभारलेली पर्यावरणस्नेही इमारत’ अशी पाटीसुद्धा रंगवून झालीय. यंत्र बंद होणार नाही. जमत नसेल तर चालू लाग.”

तो चालू लागला नाही. आपटल्यावर तळहाताला झिणझिण्या आल्या की वीट पक्की, असा अंदाज बांधून निवडत राहिला. पण यंत्राच्या हादऱ्यानं बुडाखालची जमीनच थरथरत होती. तळहाताला प्रत्येक वीट पक्कीच लागायची.

तिसऱ्या आठवड्यात आवाराची भिंत बसली. बायको तिच्या सावलीला पाणी पीत होती. भिंत कोसळली ते त्याला ऐकूच आलं नाही. धुळीचा लोट आला, तेव्हा त्यानं मान वर केली.

चौकशीत कारकुनानं खालच्या आवाजात विचारलं, “काका, या विटा तुम्हीच पास केल्या ना?”

“मीच केल्या.”

“मग इथं सही करा.”

त्यानं केली. कुणावर बोट ठेवलं नाही.

त्या कागदावर भिंतीची उंचीसुद्धा लिहिलीय, साहेब. यंत्र बंद होणार नाही, असं कोण म्हणालं ते मात्र नाही. का नाही? उत्तर द्या. तुमच्या सहीनिशी द्या.