दोनदा खाली, मग एंटर

"जुने कर्नल काढून टाकले सगळे," दादा हात झटकत म्हणाला. "अपडेट अडकलं होतं, जागाच नव्हती. आता बघ कसं सुसाट चालतं!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताई अंधशाळेची छपाई बघते. स्वतःला जन्मापासून दिसत नाही, पण त्या खोलीत तिच्यापुढे बोलायची डोळसांची टाप नाही. ब्रेल उठवणारं तिचं यंत्र म्हातारं, त्याचं जमायचं ते फक्त एका जुन्या कर्नलशी. कर्नल म्हणजे कंप्युटरचा गाभा. नवा आला तरी जुने मागे ठेवतात, अडीअडचणीला. सुरू होताना त्यांची यादी दिसते, पण एरवी पडद्यावरचं बोलून दाखवणारा कंप्युटर तेव्हा मुका असतो. म्हणून ताई बटणं मोजून दाबायची: दोनदा खाली, मग एंटर. आणि हा शहाणा, सख्खा थोरला भाऊ, ती जेवायला गेली तेवढ्यात माळा झाडावा तसं सगळं झाडून मोकळा! कंप्युटरने विचारलंसुद्धा होतं, हा कर्नल चालू आहे, काढणं थांबवू का? याने ठोकलं 'नाही'.

"उद्या सकाळी परीक्षा आहे! बावीस प्रश्नपत्रिका छापायच्यात! कुणाला विचारून हात लावलास?"

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"चुलीत घाल ते भलं!"

पेपर छापले नाहीत तर बाहेरचं कुणीतरी येऊन मुलांना प्रश्न वाचून दाखवणार. ताईच्या परीक्षेत असंच झालं होतं. वाचणाऱ्या बाईंनी जांभया देत एक अख्खा प्रश्न गाळला. तो तिला येत होता, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दादाचा आवाज खाली आला. "डिस्कवरून गेलाय तो कर्नल. पण आत्ता मेमरीत चालू आहे. मशीन बंद होईपर्यंत छापता येईल."

"आणि बंद झालं तर?"

"तर आज काही खरं नाही."

"मग त्या प्लगपाशी बस. शिंकायचंसुद्धा नाही!"

यंत्र खडखडत सुटलं. दर दहा मिनिटांनी कंप्युटर गोड आवाजात म्हणायचा, "आता रीस्टार्ट करा," आणि ताई दातओठ खात 'नंतर' दाबायची. दादा खरंच हलला नाही. सहाच्या सुमाराला बाविसावी प्रश्नपत्रिका बाहेर पडली. ताईने गठ्ठा दोनदा मोजला, मग तिचा हात स्क्रीनच्या काठावर गेला. काठ गुळगुळीत लागला.

"इथली चिठ्ठी कुठाय?"

"चिठ्ठी कसली? कोरा कागद होता. टाकला मी."

तिने त्याला कचऱ्याच्या डब्यातून तो काढायला लावला, टेबलावर सरळ केला आणि त्याचं बोट धरून उठलेल्या टिंबांवरून फिरवलं.

"वाच."

दादाने बोट नुसतंच मागेपुढे केलं. मग तिनेच वाचलं.

"'दोनदा खाली, मग एंटर. जुनं काढू नका, मला विचारा.'"

"मला कुठे वाचता येतं गं हे!"

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. "वाचून दाखवणारी शेजारच्या खोलीत जेवत होती."