आप्पांच्या शेवटच्या प्रकरणावरचे वजन

मित्रांनो, तुम्ही पाहिलेले पेपरवेट काचेचे असतील, पोटात रंगीत फूल असलेले. माझ्या पोटात फूल नाही. मी रुळाचा तुकडा आहे. कानपूर मार्गावरचा जुना रूळ बदलला, तेव्हा लखनौच्या चारबाग स्टेशनातल्या एका फिटरने मला करवतीने कापले, कानशीने घासले, काळा रंग दिला आणि आपल्या इंजिनीअरसाहेबांना, म्हणजे आप्पांना, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी भेट दिले.

"साहब, अब इस पर गाड़ी नहीं चलेगी. काग़ज़ दबाइए," तो म्हणाला. सगळे हसले. मला मात्र वाईट वाटले. ज्याच्या अंगावरून मेलगाड्या धडधडत गेल्या, त्याने आता कागद सांभाळायचे!

महानगर नावाच्या वस्तीतल्या आप्पांच्या घरी आल्यावर कळले, की कागदही काही हलके नसतात. आप्पा लखनौमधल्या मराठी मुलांसाठी पुस्तिका लिहीत होते.

"आप्पा, माणूस साताऱ्याचा, बसणार लखनौत, आणि लिहिणार फ्रान्सच्या पंडितावर?" त्यांची मुलगी मंजिरी चिडवायची.

"रेल्वेवाला आहे. कुठेही जाईन," आप्पा म्हणायचे.

तो पंडित पाचशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा चर्चमध्ये धर्मग्रंथ लॅटिनमध्ये वाचला जाई. सामान्य माणसाला त्यातले काही कळत नसे. पंडिताने मूळ ग्रीक पाठ उघडला, एका संताने केलेले, पूज्य मानलेले लॅटिन भाषांतर त्याच्याशी ताडून पाहिले आणि जिथे चूक दिसली तिथे ती सांगितली. संताच्या कामात चुका काढतोस, म्हणून विद्वान खवळले. तरी त्याने उतारवयात तो ग्रंथ लोकांच्या फ्रेंच भाषेत आणला. आप्पा हे मोठ्याने वाचत, खोडत, पुन्हा लिहीत. मी पानांवर बसून ऐकत असे. तेच माझे सुखाचे दिवस.

शेवटचे प्रकरण लिहून झाले आणि थोड्याच दिवसांत आप्पा गेले. मंजिरी मला रोज पुसायची, पण जागचे हलवायची नाही. माझ्याखालची पाने पिवळी पडू लागली.

वर्षश्राद्धाला पुस्तिका छापायचे ठरले, तेव्हा कुठे तिने ती वाचायला काढली. आप्पांच्या संदर्भग्रंथांशी ताडता ताडता ती शेवटच्या प्रकरणापाशी थांबली. पंडित शिष्यांबरोबर चर्च सोडून निघून गेला, असे आप्पांनी लिहिले होते. तसे घडले नव्हते. काही शिष्य गेले. तो अखेरपर्यंत आतच राहिला. त्याला घर पाडायचे नव्हते, झाडून घ्यायचे होते. आप्पांनी प्रेमाच्या भरात त्याला बंडखोर करून टाकले होते.

"हात लावायचा नाही," आप्पांचे धाकटे भाऊ श्रीरंगकाका म्हणाले. "दादाचं शेवटचं लिखाण आहे ते."

"पण काका, चूक आहे."

"असू दे की! गेलेल्या माणसाला काय शिकवतेस?"

मंजिरीची मुलगी सानिका मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाली, "आजोबा तो मेरे हर निबंध पे लाल पेन चलाते थे. तब तो कोई कुछ नहीं बोला!"

मंजिरीने पाने पुन्हा माझ्याखाली सरकवली. मला वाटले, झाले, आता ही कायमचीच इथे. मग ती हळूच म्हणाली, "त्या पंडितालाही लोक हेच म्हणाले होते, काका. आप्पांनीच लिहिलंय."

तिने मला उचलले आणि बाजूला ठेवले. तीन ओळी खोडल्या. बऱ्याच वेळाने दोन ओळी लिहिल्या आणि काकांना वाचून दाखवल्या.

"हं," काका म्हणाले. "दादाला इतकं सोपं जमलं नसतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जवळच्या कपूरथला चौकातला प्रेसवाला सहाला बंद करतो. चल, मी येतो."

पाने गेली. आज माझ्याखाली काही नाही, तरी मी दुःखी नाही. मित्रांनो, तुमच्या माणसांनी मागे ठेवलेले शब्द जपा. पण वर वजन ठेवून नका जपू. हे एक वजनच तुम्हाला सांगते आहे.