मुंजाबाची पहिली टेकडी

मी लोड बोलतोय. उशी नव्हे. उशी डोक्याखाली घेतात, लोड पाठीमागं. हा फरक ज्याला कळत नाही, त्यानं पुढं वाचलं नाही तरी माझी हरकत नाही.

माझा जन्म गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला. पिंजाऱ्यानं कापूस पिंजला, खोळीत भरला आणि काठीनं ठोकून ठोकून घट्ट केला. मालक तात्यासाहेब तपासायला आले तेव्हा पिंजारी म्हणाला, "ऐसा भरा हूं शेठ, हाथी टेका तो बी दबता नै." तात्यासाहेबांनी पाठ टेकून पाहिली. ते हत्तीपेक्षा थोडेच कमी होते. मी दबलो नाही.

त्यांच्या कापडदुकानात मी बैठकीवर बसलो. लग्नाचा बस्ता बांधायला गावोगावची माणसं येत. ज्याचा मान मोठा, त्याला माझा टेका. नवरदेवाचा मामा टेकला की नवरीचा मामा रुसायचा. मी कुणाच्या बाजूनं बोललो नाही. लोडानं बोलू नये.

पुढं चिकलठाण्याला कारखाने झाले. माणसं घड्याळं बांधून येऊ लागली. बसायला कुणाला वेळ नव्हता. उभ्या उभ्या शर्टाचं कापड घ्यायचं आणि बस पकडायची. तात्यासाहेबांनी बैठक मोडून काउंटर केला. दुकानात कापडाचे तागे उचलणारा मल्हारी त्याच सुमारास कारखान्यात लागला. जाताना तात्यासाहेबांनी मला त्याच्या खांद्यावर दिलं. म्हणाले, "ने. आता इथं टेकतंय कोण?"

मी गारखेड्यातल्या एका खोलीत आलो. घरात मल्हारी, त्याची बायको सारजा आणि आई आक्काबाई. आक्काबाईनं उभी हयात मेंढरांमागं काढलेली. तिनं मला काठीनं ढोसून पाहिलं आणि विचारलं, "हे खातंय काय?" याहून मोठा अपमान होणार नाही. म्हणजे तेव्हा तरी मला तसं वाटलं होतं.

मग मुंजाबा झाला. लग्नानंतर फार वर्षांनी झालेलं पोर. आक्काबाईनं आधीच नवस बोलला होता, "चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाच्या पायरीवर टेकवल्याबिगर पोराचं पाऊल भुईला लागू देणार नाय." सातारा गाव गारखेड्यापासून जवळच. सगळ्यांना वाटलं, चंपाषष्ठीपर्यंत चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.

पण ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघत, कुणी विरोधात उठत. कधी बंद, कधी संचारबंदी. नेमक्या चंपाषष्ठीला संचारबंदी लागली, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जाणं हुकलं.

सारजा म्हणाली, "आत्याबाई, आठ दिसांनी जाऊ की. देव तोच हाय."

"देव तोच हाय, पर दिस तो नाय. आता म्होरल्या साली."

"म्होरल्या सालापतुर पोर काय कडंवरच ठिवायचं?"

"ठिवायचं. मी कोकरं खांद्यावर वागवली, हे तर माणसाचं पोर हाय."

मुंजाबा कडेवरच वाढला. आईच्या कडेवरून आजीच्या, आजीच्या कडेवरून बापाच्या. बरोबरीची पोरं रांगू लागली, धरून उभी राहू लागली. याचे पाय नुसते लोंबत. खाली कधी ठेवलंच नाही, म्हणून आपल्याला खाली जाता येतं हेच त्याला माहीत नव्हतं. लस टोचायला येणाऱ्या मालनबाई नर्सनं त्याला मांडीवर उभं करून पाहिलं. गुडघे मेणासारखे वाकले.

"याला खाली सोडा. लोळू द्या, पडू द्या. नाहीतर पायात जोर येणार नाही," मालनबाई म्हणाली.

त्या दुपारी सारजा पोराला मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसली आणि रडली. माझ्यावर रडली असं नाही म्हणत. पण ओल मला लागली.

मग तिनं डोळे पुसले आणि सासूला विचारलं, "आत्याबाई, भुईला लागू द्यायचं नाय, एवढंच ना?"

"एवढंच."

"गादी म्हंजी भुई का?"

आक्काबाईनं काठी बाजूला ठेवली. असा सवाल तिला कुणी केला नव्हता. ती उठली. आपली घोंगडी काढली, झटकली, खोलीच्या मधोमध अंथरली आणि निकाल दिला. "घोंगडी भुई नव्हं. घोंगडीवर आमी देव बसिवतो."

बस्स. घोंगडीवर गाद्या आल्या. गाद्यांवर वाकळा आल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत खोली मऊ झाली. तरी एका कोपऱ्यात फरशी दिसत होती. शेजारच्या साळूबाईनं ती पाहिली. तिचा नवरा अप्पाराव नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात होता. ती घरातून त्याची गादी घेऊन आली. "मालक येईस्तोवर रिकामीच हाय. लोळू दे पोराला."

आणि मधोमध मला आडवं टाकलं. मामेलोकांचा टेका असलेल्या मला!

पहिल्या दिवशी मुंजाबा पालथा पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला चाटलं. मग तो सरकू लागला, रांगू लागला, माझ्यावर छाती घालून पलीकडं डोक्यावर पडू लागला. पडला की हसायचा. तो पडला की आक्काबाई "अगं बया!" म्हणायची आणि तो हसला की "वाघ हाय!" म्हणायची. फट कुठं उघडी पडली तर ती काठी आडवी घालून बसायची, मेंढरं राखल्यासारखी.

घरातल्या मोठ्यांचे हाल झाले. मल्हारी पाळीवरून आला की पाय धुवून, पुसून, मग उड्या मारत चुलीपर्यंत जायचा. पाहुणे उंबऱ्यावरच चहा घेऊन जायचे. आणि मी? मी भिजलो. कशानं ते सांगत नाही. उन्हात वाळत पडलो की मुंजाबा दारात बोंबलायचा. अर्ध्या तासात मला आत घ्यावं लागे. माझ्यावाचून कुणी बोंबललं, असं बैठकीत कधी झालं नव्हतं.

एक दिवस त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि तो उभा राहिला. गुडघे लटलटत होते. मी हललो नाही. पिंजाऱ्याची आठवण झाली.

त्याच आठवड्यात अप्पाराव सुटून आला. घरात गादी नाही.

"माझी गादी कुठंय?"

"मुंजाबाखाली. आत्ता मागू नका," साळूबाई म्हणाली. "तिकडं सतरंजीवर झोपलात नव्हं? आणखी चार रोज झोपा. पोरगं उभं राहायलंय."

अप्पाराव बघायला आला. आपल्या गादीचा वास त्याला दारातूनच आला. "झालं," तो म्हणाला. "आता ठिवा तिलाबी इथंच."

मुंजाबा गाद्यांवर धावू लागला तोवर चंपाषष्ठी आली आणि पुन्हा बंद पुकारला गेला. रिक्षा नाही, बस नाही. आक्काबाई म्हणाली, "चालत जाऊ." मुंजाबा कडेवर बसेना. मला सोडून तो निघेना. शेवटी अप्पारावनं मला खांद्यावर घेतलं. वाटेत पोलिसानं अडवलं.

"काय आहे हे?"

"लोड हाय साहेब."

"कुठं चालवलाय?"

"देवाला."

त्यानं मला चारी बाजूंनी दाबून पाहिलं. मी दबलो नाही. त्यानं सोडून दिलं.

देवळात आक्काबाईनं मुंजाबाला पायरीवर टेकवलं. दगड गार. त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा उचलायला गेला आणि बदकन बसला. बाया हसल्या. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. गाद्यांवर धावणारं पोर दगडाला घाबरलं. आक्काबाईचं तोंड एवढंसं झालं. वर्षभर जपलेलं पाऊल, आणि देवापुढं पडेना. सारजाकडं तिला बघवेना.

सारजानं मला घेतलं. चार हात पुढं, नुसत्या दगडावर ठेवलं.

मुंजाबानं माझ्याकडं पाहिलं. उठला. पाय फेंगडे टाकत, हात पसरून, तो दगडावरून चालत आला आणि माझ्यावर धाडकन पडला. आक्काबाईनं मुठीतला भंडारा उधळला. तो सगळा माझ्यावर पडला.

ती खोळ कितीदा धुतली. शिवणीतला पिवळेपणा गेला नाही.

आज मी मुंजाबाच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर आहे. त्याच्या पोरीला तो रविवारी मॉलमध्ये नेतो. तिथं फोमच्या टेकड्या आहेत म्हणे, रंगीत घसरगुंड्या, मोजे घालूनच आत जायचं. रविवार ठीक आहे. बाकीचे दिवस पोरगी खुर्चीत पट्टा लावून बसते आणि पाय लोंबतात. मला वरून दिसतात. असे पाय मी ओळखतो.

मुंजाबा, मी थोडा दबलोय, हे कबूल. पिंजाऱ्याकडं नेऊन पुन्हा भरून आण. खोळ बदलू नकोस. मग पोरीला खाली सोड, माझ्याजवळ. बाकी मी बघतो.